साचा का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. पालक विचारतात, सहकारी विचारतात, स्टाफरूममध्ये तर चहाच्या आधी हा प्रश्न येतो: मुलांना टिडलीविकी, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची संगणकावरची वही, शिकवता, मग तयार साचा का देत नाही? पोरं कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसतात.

बसतात. नाही कुठे म्हणते? पण एका तुकडीला साचा दिला होता. रानभाज्यांचा प्रकल्प होता. नाव, वर्णन, उपयोग. त्यांनी तो प्रवेशअर्जासारखा भरला. नावाची चौकट एकच, आणि फोडशीला दुसरीकडे कुलू म्हणतात. मुलांनी एक नाव ठेवलं, दुसरं चक्क गाळलं.

जेरेमी रस्टनने २००४ साली काढलेली टिडलीविकी म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. पेनड्राइव्हवर मावते, रेंज नसलेल्या पाड्यावरही उघडते. नोंदीला हवे तेवढे टॅग लावा, हवी ती फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, जोडा. (सेव्ह करताना ब्राउझर दरवेळी नवी प्रत डाउनलोड करतो, तो वैताग वेगळा.)

पुढच्या तुकडीला साचा दिला नाही. त्यातल्या एका मुलीने 'खाज' असा टॅग केला. त्यात घसा खाजवणारी शेवळं, सुरण, अळू. शेवळाच्या नोंदीतून दुवा थेट काकडांवर (शेवळाची खाज मारणारी आंबट फळं), कारण तिची आजी काकडं घातल्याशिवाय शेवळं शिजवत नाही. हा टॅग मी जन्मात सुचवला नसता.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले. "पान नंबर कुठेत?" ती म्हणाली, "सर, इथे क्लिक करा." ते म्हणाले, "प्रिंट आणा." ती धावत जाऊन प्रिंट घेऊन आली. कागदावर दुवे म्हणजे नुसते निळे शब्द. सर पानं उलटत राहिले, शेवळावरून काकडांवर काही पोचले नाहीत. तिला वहीवाल्या मुलांपेक्षा कमी मार्क पडले. बाहेर तिचे वडील उभे होते. एवढंच म्हणाले, "मॅडम, वहीतच लिहिलं असतं तर?" चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या मुलीच्या मार्कशीटवर कुठे लिहिणार?

तेव्हा पुन्हा विचारू नका, मला मुलांचे हाल दिसत नाहीत का म्हणून. दिसतात. यंदा ठरवलंय, विकी त्यांना हवी तशी, शेवटची प्रिंट मात्र मी आखून दिलेल्या क्रमाने. पूर्वीची मी म्हणेल, हा मागच्या दाराने आलेला साचाच की. असेल बाई. एक्स्टर्नल पुन्हा तेच येणार आहेत.