माझ्याकडे कामाला असलेली दुसरी बाई

चवथीला, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेशचतुर्थीला, बारा दिवस. रात्रीचे पावणेबारा.

ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उजव्या कापल्या.

ही चूक शिवणक्लासात पहिल्या महिन्यात होते. बावीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईच्या हातून व्हायची नव्हे. बाहीच्या मुंढ्याला पुढची बाजू थोडी जास्त खोल घ्यावी लागते. म्हणून कापड दुहेरी घालायचं आणि दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, डावी-उजवी आपसूक निघते. आज कापड कमी पडत होतं म्हणून एकेक कापली आणि दुसऱ्या वेळी कागद पालथा घालायला विसरले. बरं, कापड सुलट-उलट वेगळं दिसणारं, त्यामुळे उलटं लावून वेळ मारून नेता येईना. पीस साडीलाच जोडून आलेला. तसं दुसरं कापड आणणार कुठून?

कात्री खाली ठेवली तेव्हा आठवलं, आज मी बसून जेवलेच नाही. दुपारी स्वयंपाकघरात उभ्यानेच चार घास खाल्ले होते. संध्याकाळी पोदेराचा भोंपू ऐकला, पण पाव घ्यायलाही उठले नाही. सकाळी आठपासून मोजलं तर तेरा तासांच्या वर काम झालं. बाहेर पाऊस धो धो, आणि मी त्या दोन उजव्या बाह्या मांडीवर घेऊन खुळ्यासारखी बसलेली.

तरणोपाय एकच. मुंढा थोडा सारखा करून काखेत बारीक तुकडा जोडायचा. उद्याचे दोन तास त्यात जाणार. वर ब्लाऊज शिवायला टाकलेल्या बाईला खरं सांगून शिलाईचे ७०० रुपये सोडायचे.

चवथीला अकरा दिवस.

सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गो, काखेत कोण बघतो?" ती एवढ्या चांगुलपणाने बोलली म्हणून मलाच जास्त लागलं.

चवथीला दहा दिवस.

आज मदतीला येणाऱ्या मुलीचा बोनस काढून ठेवला. दर वर्षी चवथीआधी तिला अर्धा पगार जादा देते, म्हणजे घरचा बाजार, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान, नेवऱ्यांचा म्हणजे करंज्यांचा रवा-खोबरं तिला वेळेत घेता येतं. तिच्या नावाची वेगळी वही आहे. नऊला येते, साडेपाचला जाते. अकराला चहा, दुपारी तासभर जेवण, चारला परत चहा. रविवारी सुट्टी, चवथीला तीन दिवस सुट्टी. एकदा ताप आला तेव्हा मीच तिला घरी पाठवलं होतं आणि त्या दोन दिवसांचे पैसे कापले नव्हते. ते लिहिताना मला, खरं सांगायचं तर, आपण भल्या असल्याचा जरा अभिमानही वाटला होता.

वही मिटताना मनात आलं, दुसरी वही कुठे आहे?

कारण या दुकानात कामाला दोघी आहेत. एक ही मुलगी आणि दुसरी मी. दुसरीला सुट्टी नाही, बोनस नाही, पगाराची तारीख नाही. लागतील तेव्हा गल्ल्यातून शंभर-दोनशे उचलते. बारा-तेरा तास राबते आणि चुकली की शिव्या खाते. माशेलच्या बाजारात दुसऱ्या कुठल्या मालकिणीने पोरीला असं राबवलं असतं, तर तिच्याबद्दल सगळ्यात आधी मीच तोंड वाजवलं असतं. अशा बाईकडे मी स्वतः आठवडाभरही टिकले नसते.

रात्री वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडलं. त्यात नारायण मेघाजी लोखंड्यांचं प्रकरण होतं. नाव शाळेपासून माहीत होतं, पण परीक्षेत एका वाक्यात उत्तर लिहायचं तेवढंच. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याच्या सुट्टीची सोय नव्हती. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, हेही खरंच. तो रविवार आज माझ्याकडची मुलगी घेते. लोखंडे मालकांशी भांडले म्हणून घेते. माझं भांडण कुणाशी? मालकीण मीच, कामगार मीच. अर्ज लिहिला तरी मलाच पोचणार, आणि मी तो मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनींखाली टाकणार.

चवथीला नऊ दिवस.

बाबांची आठवण आली. त्यांचं दुकान फोंड्याच्या बाजारात होतं, दोन मशीनचं. बरोबर एक वाजता फळ्या लावायचे. घरी येऊन पेजेचा नाहीतर हुमण-भाताचा घास, मग ओसरीवर चटई, तोंडावर वर्तमानपत्र. चारला चहा, साडेचारला फळ्या पुन्हा उघड्या. कुणी गिऱ्हाईक दुपारी यायचंच नाही, कारण गिऱ्हाईकही त्या वेळी आपापल्या घरी आडवं असायचं. गोव्यात अजून पुष्कळ दुकानं दुपारी बंद असतात. बाहेरून आलेल्या माणसांना त्याची गंमत वाटते.

त्याला ते 'सुशेगाद' म्हणतात. टी-शर्टवर छापतात, खाली नारळाचं झाड. मूळ पोर्तुगीज 'सॉसेगादु', म्हणजे शांत, निवांत. शब्द चांगला आहे, पण पर्यटकांनी त्याचा अर्थ आळशी करून टाकला. बाबा सकाळी साडेसातला दुकानात असायचे आणि रात्री आठला कुलूप लावायचे. मधला आराम होता म्हणून संध्याकाळी काजं करताना हात थरथरायचा नाही. सत्तराव्या वर्षीही सुईत दोरा स्वतः ओवायचे (चष्मा लावून, पण स्वतः).

मी ती दुपार सोडली कधी? वाटतं, व्हॉट्सॅप आलं तेव्हा. पूर्वी फळी लागली की दुकान बंद. आता दुकान खिशात असतं. परवा रात्री दहा चाळीसला मेसेज, "ताई, झालं?" आणि मी, गाढव, "उद्या नक्की" असं उत्तर दिलं. उत्तर दिल्यावर झोप लागेना म्हणून उठून हुक लावत बसले.

आज पाटी लिहिली. दुपारी १.३० ते ३.३० बंद. मुलीच्याच हातून लिहून घेतली, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. ती म्हणाली, "ताई, तूं न्हिदतली?" मला झोपलेली तिने कधी पाहिलंच नाही, तिचंही बरोबर आहे.

चवथीला आठ दिवस.

पहिली दुपार. श्रावण असल्यामुळे घरात शिवराक, म्हणजे शाकाहारीच. मुगागाठी, भात, लोणच्याची फोड. बसून जेवले. मग आडवी झाले आणि हातात फोन घेतला. पाऊण तास लोकांच्या घरच्या मखरांचे व्हिडिओ बघितले. उठले तेव्हा डोळे सकाळपेक्षा जास्त दुखत होते. याला आराम म्हणत नाहीत.

चवथीला सात दिवस.

फोन तांदळाच्या डब्यात ठेवला, झाकण लावून. वीस मिनिटं लागली झोप. जाग आली तर बाहेर पाऊस थांबलेला आणि मागच्या कुळागरात कुणीतरी सुपारीची झावळ ओढत नेत होतं, त्याचा खरखर आवाज. काही करायचं नाही अशी दहा मिनिटं मला कधी मिळाली होती ते आठवेना.

एक गिऱ्हाईक मात्र गेलं. बँकेत काम करणारी, ती जेवणाच्या सुट्टीतच येऊ शकते. दोनदा येऊन परत गेली, तिसऱ्यांदा दुसरीकडे टाकलं म्हणून कळवलं. वाईट वाटलं. तिची वर्षाची आठ-दहा ब्लाऊजं असत. पाटी काढून टाकावी असं संध्याकाळपर्यंत दोनदा मनात आलं.

चवथीला पाच दिवस.

भाचा आला होता, पणजीला कॉम्प्युटरवर काम करतो, तोही घरूनच, स्वतःचंच. माझ्या पाटीचं ऐकून खूष झाला. म्हणाला, "आत्ये, तू पोमोदोरो कर." पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याने १९८० च्या दशकात अभ्यासाला बसताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. मी म्हटलं, टोमॅटो माझ्याकडे आधीपासून आहे, टाचण्या टोचायचा. तो हसत सुटला.

करून बघितलं. नाही जमलं. अर्ध्या गळ्याला पायपिंग लावताना घड्याळ वाजलं, उठले, परत आले तर पट्टीचा ताण वेगळा पडला आणि गळ्याला चूण आली. शिवणाला आपले सांधे असतात, ते पंचवीस मिनिटांवर येत नाहीत.

पण त्यातून एक सुचलं. आम्ही शिंपी लोक एका रंगाची ब्लाऊजं एकत्र शिवतो. दोरा बदलायला नको, बॉबिन बदलायला नको, वेळ वाचतो. म्हणून चवथीआधी माझा एक अख्खा दिवस लाल असतो, एक हिरवा, एक मोतिया. लाल दिवशी मी पाच-पाच तास हललेली नसते, कारण हलायला निमित्तच नसतं. आता मुद्दाम मिसळून लावली. लाल, मग निळं, मग मोतिया. प्रत्येक वेळी दोरा बदलायचा, आणि दोरा बदलायचा म्हणजे आधी उठायचं. पाणी प्यायचं, दारात जायचं, समोरच्या माडाच्या शेंड्याकडे बघायचं. डोळ्यांच्या डॉक्टरने मागेच सांगितलं होतं, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा. ते वीस-वीस मला पाठ होतं, पण पाळलं कधी नव्हतं. माड वीस फुटांच्या पुढेच असेल, चालेल.

दोरे बदलण्यात रोजची वीसेक मिनिटं जादा जातात. पण तेव्हापासून एकही शिवण उसवावी लागलेली नाही. हा हिशेब मी मुलीला सांगितला तर ती म्हणाली, मग आधी का नाही केलं? पोरीला उत्तर काय द्यायचं.

चवथीला दोन दिवस.

लिहायला वेळ नाही. एकवीस ब्लाऊजं गेली, चार राहिली. दुपारची पाटी आज काढली, खरं ते लिहिते. पण जेवले मात्र बसून.

चवथ होऊन तिसरा दिवस.

आमचा गणपती दीड दिवसाचा, काल संध्याकाळी विसर्जन झालं. घर एकदम मोकळं वाटतं. माटोळीची तोरिंगं आणि नारळ उतरवले, कांगल्या तेवढ्या शोभेला ठेवल्या.

आज दुसरी वही काढली. वर माझं नाव लिहिलं. पगार: १२,००० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला, दुसऱ्या खात्यात. आकडा ठरवायला अर्धा तास लागला. आधी १५ लिहिलं, मग मालकिणीने खोडलं. तिला भाडं आणि विजेचं बिल दिसतं. बोनसच्या रकान्यात काय लिहावं यावर मात्र मी आणि मी खूप वेळ अडून बसलो.

कारण आजवरची बक्षिसं आठवली. गेल्या वर्षी चवथीनंतर स्वतःला बक्षीस म्हणून काय घेतलं, तर पिको-फॉलचं मशीन. त्याच्या आदल्या वर्षी वाफेची इस्त्री. दोन्ही वेळा सगळ्यांना सांगत फिरले, यंदा स्वतःसाठी काहीतरी घेतलं. स्वतःसाठी! मुलीला बोनस म्हणून मी एखादी नवीन कात्री दिली असती तर तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं?

म्हणून नियम लिहिला: बोनस दुकानात यायचा नाही. पुढे सुचेना. नवी साडी घ्यावी तर ब्लाऊज मलाच शिवावं लागणार.

चवथीचा सातवा दिवस.

कुंभारजुव्याचं सांगोड आज. माशेलहून असं कितीसं लांब, रिक्षाने दहा मिनिटं. तरी लग्न होऊन आले त्या वर्षी पाहिलं, त्यानंतर नाही. दर वर्षी चवथ संपली की राहिलेली कामं, परत आलेली कामं, सैल करा, घट्ट करा. आज दुपारीच दुकान बंद केलं. मुलीलाही सोडलं. तिला म्हटलं, आज दोघींनाही सुट्टी. ती म्हणाली, "दोगांक?" आणि बघतच राहिली.

खाडीवर होड्या जोडून त्यावर देखावे, पुराणातले प्रसंग, माणसंच देव-राक्षस होऊन उभी. पाऊस मध्येच आला, मध्येच गेला. एका होडीवरचा हनुमान भिजून गारठला होता, पण गदा खाली ठेवीना. किनाऱ्यावरची पोरं पाण्यात मगरी आहेत म्हणून एकमेकांना भिववत होती. या खाडीत त्या खरोखरच आहेत, पण आज एवढ्या ढोल-ताशात कुठली येते! मी मात्र सवयीने राण्यांच्या वेषातल्या पोरांच्या चोळ्या बघत होते. एकीची बाही चढवलेली दिसत होती, मुंढा अरुंद.

दोन पुड्या खाजं घेतलं. एक घरी न्यायला, एक तिथेच खायला. आल्याचा तिखटपणा घशाशी लागला की बरं वाटतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. "ताई, तू इथे! माझं ते मोतिया ब्लाऊज?"

तोंडात खाजं होतं. गिळलं आणि म्हटलं, "उद्या. साडेतीननंतर ये."

घरी येऊन वही उघडली. आजच्या तारखेसमोर लिहिलं: अर्धा दिवस रजा, पगारी. बोनसच्या रकान्यात रिक्षा जाऊन-येऊन आणि खाज्याच्या दोन पुड्या.