रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी फॅटी ॲसिड किती ओढतात, हे मोजताना

पीएचडीसाठी ल्युकेमिया घेतला तेव्हा डोक्यात साखरच होती. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं आणि आम्ही सगळे तेच शिकत आलो. पण अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया मुख्यतः उतारवयात गाठतो आणि त्या वयात अस्थिमज्जेत चरबीच्या पेशींची गर्दी असते. २०१७ मध्ये नॉर्विचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की ल्युकेमियाच्या पेशी शेजारच्या चरबीपेशींना त्यांची चरबी मोडायला लावतात आणि सुटलेली फॅटी ॲसिड्स स्वतः जाळतात. या देवाणघेवाणीत एफएबीपी४ नावाचं वाहक प्रथिन लागतं. त्याच्या आदल्या वर्षी कोलोरॅडोच्या गटाला उंदरांच्या चरबीत दडलेल्या ल्युकेमियाच्या स्टेम पेशी, म्हणजे आजार पुन्हा उभा करणाऱ्या मूळ पेशी, सापडल्या होत्या. त्यातल्या ज्यांच्या अंगावर सीडी३६ नावाचं प्रथिन होतं, त्या केमोला सहज दाद देत नव्हत्या.

सीडी३६ म्हणजे पेशीच्या पडद्यावरचं, फॅटी ॲसिड पकडून आत घेणारं प्रथिन. रुग्णांच्या पेशी फॅटी ॲसिड किती ओढतात आणि सीडी३६ अडवलं तर ते थांबतं का, एवढंच मला मोजायचं होतं. ऐकायला सोपं आहे.

पद्धत अशी. सोळा कार्बनच्या फॅटी ॲसिडला बोडिपी हा हिरवा चमकणारा रंग जोडलेला मिळतो. तो पेशींना द्यायचा, काही मिनिटांनी थांबवायचं आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक पेशी किती चमकते ते बघायचं. फॅटी ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही. आपल्या रक्तातही ते अल्ब्युमिनला धरूनच फिरतं, म्हणून इथेही ते अल्ब्युमिनसोबतच द्यावं लागतं, आणि तेही फॅटी ॲसिड काढून टाकलेल्या अल्ब्युमिनसोबत. पेशी वाढवायच्या द्रवातल्या (मीडिया) सीरममध्ये मुळातच फॅटी ॲसिड्स असतात. ती आपल्या रंगीत रेणूशी स्पर्धा करतात, म्हणून पेशी आधी काही वेळ सीरमशिवाय ठेवायच्या.

सुरुवात टीएचपी-१ या सेल लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींवर, केली. १९८०च्या सुमारास जपानमध्ये एक वर्षाच्या मुलाच्या रक्तातून काढलेल्या या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतात. ३७ अंशांना पेशी लख्ख हिरव्या दिसल्या आणि मी खूश झाले. पोस्टडॉक ताईंनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, “चार अंशांवरची ट्यूब दाखव गं.” ती ट्यूब बर्फात होती. तिथे आत घेण्याचं काम जवळपास थांबलेलं असायला हवं, तरी तीही बऱ्यापैकी चमकत होती. “म्हणजे ह्यातलं निम्मं बाहेरच चिकटलंय. आधी ते काढ, मग पुढचं बोलू.”

पुढचा बराच काळ त्या बाहेर चिकटलेल्या भागातच गेला, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा जीव तिथेच आहे. तेलकट रेणू पेशीच्या पडद्याला असाही चिकटतो, त्यासाठी पेशी जिवंत असण्याची गरज नाही. नुसत्या पीबीएसने (पेशी धुवायचं खारं द्रावण) धुतलं तर तो सुटत नाही. त्यात अल्ब्युमिन घातलं, तेही बर्फासारखं गार, की अल्ब्युमिन तो बाहेरून ओढून घेतं. तरी थोडा राहतोच, त्यासाठी शेवटी ट्रायपॅन ब्लू. हा निळा रंग जिवंत पेशीत शिरत नाही, पण बाहेरची हिरवी चमक दाबतो. मात्र मेलेल्या पेशींत तो शिरतो आणि लाल बाजूच्या चॅनलमध्ये स्वतःच चमकतो. त्यामुळे मृत पेशी वगळायचा डायही दुसऱ्या लेझरवरचा निवडावा लागला. एवढं झाल्यावर बर्फातली ट्यूब खाली बसली, ३७ची वर राहिली, आणि त्या दोघींतला फरक तेवढा मी ‘आत गेलेलं’ म्हणून लिहायला लागले.

रुग्णांच्या सॅम्पलला वेगळाच पेच निघाला. जवळजवळ सगळ्या ब्लास्ट पेशी (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी) सीडी३६ पॉझिटिव्ह दिसत होत्या, आणि इतकं सरसकट चित्र मला पटेना. प्लेटलेटवर सीडी३६ भरपूर असतं, आणि प्लेटलेट पेशींना चिकटून बसतात. म्हणून सीडी४१ हा प्लेटलेटचा मार्कर सोबत लावला. बऱ्याच ‘पॉझिटिव्ह’ ब्लास्टवर तोही होता, म्हणजे दाराची पाटी शेजाऱ्याची होती. मग ईडीटीए हे चिकटलेल्या प्लेटलेट सोडवणारं रसायन घालून कमी वेगाने स्पिन करायला लागले. पेशी खाली बसतात, प्लेटलेट वरच्या द्रवात राहतात आणि तो द्रव टाकून द्यायचा. जी ब्लास्ट तरीही सीडी४१ दाखवेल ती गेटिंगमध्ये, म्हणजे कोणत्या पेशी मोजायच्या ते निवडताना, बाहेर. पेशी कमी उरतात आणि जीव तुटतो, कारण हे सॅम्पल कुणीतरी आजारपणाच्या पहिल्याच आठवड्यात, भेदरलेल्या अवस्थेत दिलेलं असतं. पण म्हणूनच त्यातून चुकीचा आकडा काढणं मला जास्त वाईट वाटतं.

सीडी३६ अडवायला सगळे एसएसओ हे रसायन वापरतात. ते खरोखर सीडी३६ला कायमचं जखडतं, पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्स-३लाही रोखतं. त्यामुळे चमक कमी झाली तर दार बंद झालं की आतली भट्टीच विझली, हे कळत नाही. मी सीडी३६ अडवणारी अँटिबॉडी आणि तिचा आयसोटाइप कंट्रोल (तशीच, पण सीडी३६ न धरणारी अँटिबॉडी) ही जोडी धरली. शिवाय बोडिपीचा रंग हाच मुळात मोठा गठ्ठा, त्याने रेणूचं वागणं बदलू शकतं. म्हणून मोजकी सॅम्पल्स किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेल्या पामिटिक ॲसिडने पडताळली. त्यासाठी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमांत बसणारी वेगळी खोली, बॅज, नोंदवह्या, सगळं आलंच.

अँटिबॉडीने ओढ कमी झाली, पण पूर्ण थांबली कधीच नाही. मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वळणाच्या ल्युकेमियात फरक ठळक होता, बाकीच्यांत जेमतेम. आत जायला फॅटी ॲसिड वाहून नेणारी एफएटीपी गटातली प्रथिनंही आहेत आणि काही फॅटी ॲसिड पडद्यातून तसंही झिरपतं, त्यामुळे एकच दार लावून सगळ्या रुग्णांत भागेल असं मला वाटत नाही. व्हेनेटोक्लॅक्स आणि अझासायटिडीन या औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांत ल्युकेमियाच्या स्टेम पेशी फॅटी ॲसिड जाळून तगतात, असं इतरांनी दाखवलं आहे. आमच्या फ्रीझरमध्ये काही रुग्णांची निदानाच्या वेळची आणि आजार उलटल्यानंतरची, अशी दोन्ही सॅम्पल्स आहेत. आता ती जोडीने काढून, आधी सीडी४१ बघून, एकाच दिवशी चालवायची आहेत.