गुरुवारचा डबा

श्रीमंत घरात नवी सून येते, सगळे तिच्याशी गोड बोलतात आणि माडीवरची एक खोली बंद असते. हे कथानक ओटीटीवर सारखं नव्या नावाने येतं आणि मी ते सारखं बघते. नवरा म्हणतो, "तुला तुझं सासर पुरत नाही का?" त्याचं उत्तर पुढे देते. पण यातल्या बहुतेक मालिका तिसऱ्या भागात फसतात, कारण त्यांना वाटतं की भीती त्या बंद खोलीतल्या प्रेताची आहे.

या सगळ्यांची आजी म्हणजे इंग्लिश लेखिका डॅफ्नी ड्यू मॉरिएची 'रिबेका' ही कादंबरी, १९३८ सालची. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही, तेव्हा वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून मॉन्टे कार्लोला आलेली एक बुजरी पोरगी. तिथे तिला भेटतो मॅक्झिम डी विंटर. वयाने बराच मोठा, पहिली बायको रिबेका समुद्रात बुडून गेलेली, कॉर्नवॉलमध्ये मँडरले नावाचं भलंमोठं घर. झटपट लग्न. ती त्या घरात येते आणि घर अजून पहिल्या बायकोच्याच मर्जीने चाललेलं असतं. पुस्तकभर या दुसरीचं नाव आपल्याला कळतच नाही. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून देतात, हिला तेवढंही मिळत नाही. ती फक्त मिसेस डी विंटर, म्हणजे आधीचीच पाटी.

मला त्यातले दोन प्रसंग पाठ आहेत, आणि दोन्हींत रक्ताचा थेंब नाही. एक, घरातला फोन वाजतो, पलीकडून मिसेस डी विंटर आहेत का अशी विचारणा होते, आणि ही घाबरून सांगते की चुकलात तुम्ही, त्या वारल्या वर्षापूर्वी. मग लक्षात येतं की फोन आपल्यालाच होता, खालून घरच्या कारभारणीचा, मिसेस डॅनव्हर्सचा, आजच्या जेवणाचं काय ते विचारायला. दोन, तिच्या हातून चिनी मातीची एक मूर्ती फुटते आणि ती तुकडे लपवते, ड्रॉवरमध्ये, मागे सारून. घरची मालकीण! पुढे चोरीचा आळ एका नोकरावर जातो तेव्हा तिला कबूल करावं लागतं.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा माझ्याही हातून एक बरणी फुटली होती. तुकडे मी पदरात घेऊन मागच्या परसात टाकले. आमचं घर गुळाच्या अडत्यांचं, खटल्याचं, पैसा बऱ्यापैकी. (चहा मात्र साखरेचा.) मारझोड नाही, टोमणे नाहीत. फक्त काही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या आणि मला नव्हत्या. दर गुरुवारी घरातून एक जादा डबा जायचा. भाकरी, भाजी, आमटी, वर पिठलं. दुकानातला गडी तो सायकलला अडकवून न्यायचा. कुणाचा, म्हणून सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आहे एकांचा." आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. पण भाकरी थापणारे दोन्ही हात क्षणभर थांबले आणि मला कळलं की हे पुन्हा विचारायचं नाही. मालिकावाल्यांना हे थांबलेले हात दाखवता येत नाहीत, म्हणून ते विजा कडाडवतात.

ड्यू मॉरिए हे सगळं लिहायला लागली ती इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात, नवऱ्याची लष्करी बदली तिथे होती म्हणून. डोळ्यांसमोर होतं कॉर्नवॉलमधलं मेनाबिली हे दुसऱ्यांच्या मालकीचं घर. पुढे १९४३ मध्ये तिने ते भाड्याने घेतलं, डागडुजी केली आणि १९६९पर्यंत तिथे राहिली, भाडेकरू म्हणूनच. मला यात फार गंमत वाटते.

खरी मेख शेवटाकडे आहे. समुद्राच्या तळाशी बोट सापडते, तिच्यात रिबेकाचं प्रेत निघतं आणि मॅक्झिम बायकोला सांगतो की मीच तिला गोळी घातली. ही काय करते? हिला हायसं वाटतं! त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतंच, एवढंच तिला ऐकू येतं. त्या रात्रीपासून तिचा बुजरेपणा जातो, ती नोकरांना हुकूम सोडू लागते. गुपित हाती आलं आणि ती घरची झाली. आपणही पानं उलटत मनात म्हणत असतो की सुटू दे बिचारा. हिचकॉकने यावरून काढलेल्या १९४०च्या चित्रपटात हीच धार बोथट झाली. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत बायकोला मारणारा नवरा मोकळा सुटणं बसत नव्हतं, म्हणून तिथे रिबेका पडून डोक्याला मार लागून मरते. ऑस्कर मिळालं, पण नवरा निर्दोष निघाल्यावर बायकोने काय पचवायचं?

मिसेस डॅनव्हर्स मात्र त्यात झकास आहे. हिचकॉकने तिला चालताना जवळजवळ दाखवलेलंच नाही, वळून बघावं तर ती उभी. आपल्याकडे १९६४ साली यावरून 'कोहरा' निघाला, बीरेन नाग यांचा, संगीत हेमंतकुमारांचं, 'ये नयन डरे डरे' त्यातलंच. नायिका वहिदा रेहमान, आणि डॅनव्हर्सच्या जागी आपल्या येवल्याच्या ललिता पवार. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला होता. कृष्णधवल पडद्यावर तो डोळा नव्या सुनेकडे वळला की मला तरी वहिदाची काळजी वाटते.

आता माझ्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर. डबा कुणाचा ते मला दोनेक वर्षांनी कळलं. कसं ते सांगणार नाही, कुणाचा तेही नाही. सासूबाई थकल्यावर गुरुवारचा डबा मीच भरायला लागले. धाकटी जाऊ नवी होती तेव्हा तिने ओट्यापाशी उभं राहून विचारलं, "ताई, हा कुणाचा?" मी म्हणाले, "आहे एकांचा." आणि झाकण लावलं.

हल्ली तिला मी 'रिबेका' वाचायला दिली. चार दिवसांत वाचून परत केली. म्हटलं, कशी वाटली? म्हणाली, "मला तर त्या डॅनव्हर्सबाईचीच कीव आली. एवढं घर सांभाळलं तिने. आणि ही नवी बाई, साधा मेनू विचारला तरी म्हणते, रोजचाच करा."