सगळ्यात हळू विमान सगळ्यात आधी सोडायचं

विमानांच्या जुन्या शर्यतींबद्दल मी बरीच वर्षं वाचतेय, पण हँडिकॅप म्हणजे नेमकं काय हे मला फार उशिरा कळलं. आधी वाटायचं की खेळात लिंबूटिंबूला घेतात ना तसलं काहीतरी असणार, तू लहान आहेस, ये तू पण खेळ, तुझा डाव मोजायचा नाही. तसं अजिबात नाहीये. उलट हँडिकॅपमध्ये, म्हणजे हळू विमानाला हिशोबाने आधी सोडून सगळ्यांना सारखी संधी द्यायची त्या पद्धतीत, प्रत्येकाचा डाव सेकंदासकट मोजतात.

सुरुवातीला नुसता वेग होता. १९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये रीम्सला गॉर्डन बेनेट ट्रॉफी झाली तेव्हा नियम एकदम सरळ, १० किलोमीटरच्या दोन फेऱ्या, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसला १५ मिनिटं ५० सेकंद लागली आणि फ्रान्सचा ब्लेरिओ त्याच्यामागे ६ सेकंदसुद्धा नव्हता. म्हणजे वेग ताशी ७५ किलोमीटर. चारच वर्षांनी त्याच रीम्सला, त्याच ट्रॉफीसाठी प्रेव्होस्ट या फ्रेंच पायलटने जवळपास ताशी २०० गाठले. हे मला खूप भारी वाटतं, पण त्यातच पुढची अडचण दिसते, कारण ज्याच्याकडे तगडं इंजिन नाही त्याने यायचं तरी कशाला?

समुद्री, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांच्या श्नायडर ट्रॉफीचं शेवटी तेच झालं. (१९१३ ला मोनॅकोत पहिली श्नायडर याच प्रेव्होस्टने जिंकली, पण शेवटची रेषा हवेतून ओलांडायची असताना हा पाण्यावरून घसरत गेला, मग त्याला परत उडून रेषा ओलांडायला लावली आणि घड्याळ तोवर चालूच, त्यामुळे त्याचा अधिकृत वेग ताशी ७३ किलोमीटरच दिसतो.) १९३१ पर्यंत हा खेळ इतका महाग झाला की ब्रिटनला लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईने १ लाख पौंड दिले म्हणून त्यांचा संघ उतरला, इटली आणि फ्रान्स वेळेत तयारच झाले नाहीत, आणि ब्रिटन एकटंच उडालं. ताशी ५४७ किलोमीटर! वेग अफाट, पण शेजारी कुणी नाही.

आता किंग्ज कप बघा. ब्रिटनचा राजा पाचव्या जॉर्जने कप दिला आणि १९२२ च्या सप्टेंबरमध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन ते ग्लासगो आणि परत अशी पहिली शर्यत झाली, ती हँडिकॅपने. प्रत्येक विमान किती वेगाने जाईल याचा आधी अंदाज बांधायचा आणि त्यावरून सुटायची वेळ ठरवायची. सगळ्यात हळू विमान आधी, सगळ्यात वेगवान शेवटी, असं की अंदाज अगदी बरोबर असेल तर सगळी एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर यायला पाहिजेत. मग जो पुढे येतो तो का पुढे येतो? त्याने वळण घट्ट घेतलं, वाट चुकली नाही, वाऱ्याचा अंदाज चांगला घेतला, नाहीतर विमान झकास ठेवलं म्हणून. मला यात फार न्याय दिसतो.

पण हँडिकॅप ठरवणाऱ्याचं काम किती कठीण ते मी एकदा कागदावर मांडून बघितलं. ७५० मैलांची शर्यत धरा. ताशी १०० मैलवाल्याला साडेसात तास, १५० वाल्याला ५ तास, म्हणजे हळूवाल्याला अडीच तास आधी सोडायचं. आता अंदाज फक्त १ मैलाने चुकला, विमान १०० नाही तर १०१ ने जातंय, तर ते साडेचार मिनिटं लवकर येतं. तीच १ मैलाची चूक १५० वाल्याच्या बाबतीत झाली तर फरक फक्त २ मिनिटांचा. म्हणजे विमान जितकं हळू तितकी तीच चूक मोठी.

आणि वारा तर सगळं गणित उलटंपालटं करतो. समजा अर्धा रस्ता ताशी २० मैलांचा वारा समोरून आणि अर्धा पाठीमागून. वाटतं की हिशोब फिटला, पण फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ घालवावा लागतो. १०० वाल्याचे जवळपास १९ मिनिटं जातात आणि १५० वाल्याचे साडेपाचच. हळू विमानावर तेरा मिनिटांचा अन्याय, आणि चूक कुणाचीच नाही! हे उत्तर आल्यावर मी दोनदा परत मोजलं.

तरीसुद्धा हँडिकॅपची माझी आवडती गोष्ट हीच की त्यात माप विमानाचं घेतात, आत कोण बसलंय त्याचं नाही. १९२९ ला अमेरिकेत सँटा मोनिका ते क्लीव्हलँड अशी बायकांची शर्यत झाली. तिथे १०० तास एकटीने उडल्याची अट होती, ती ठीकच आहे, पण विमानाची ताकद 'बाईला साजेशी' असावी अशीपण अट होती, आणि त्यापायी ओपल कुन्झला स्वतःचं ३०० हॉर्सपॉवरचं विमान बाजूला ठेवून कमी ताकदीचं दुसरं घ्यावं लागलं. हे वाचून मला अजून राग येतो. याच्या पुढच्याच वर्षी, १९३० च्या जुलैमध्ये, किंग्ज कपला ८० च्या वर विमानं सुटली, ७५० मैलांचा फेरा, आणि शेवटच्या रेषेवर, लंडनजवळच्या हॅनवर्थला, सगळ्यांच्या आधी पोचली विनिफ्रेड ब्राउन, एव्हरो एव्हियन नावाच्या साध्या छोट्या विमानात. सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या जरासा वर. वायुदलाचे पायलट, कंपन्यांचे पायलट, सगळे मागे. किंग्ज कप जिंकणारी ती पहिली बाई.

आणि १९३४ ची इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलपासून मेलबर्नपर्यंतची शर्यत तर मला कितीही वेळा वाचायला आवडते, कारण तिथे वेगाचं बक्षीस वेगळं आणि हँडिकॅपचं वेगळं ठेवलं होतं. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन, चार्लव्हिल इथे उतरायचंच, असा नियम. वेगात स्कॉट आणि ब्लॅक जिंकले, खास या शर्यतीसाठी बांधलेलं कॉमेट घेऊन, ७१ तासांत. पण त्यांच्यामागून दुसरं आलं ते केएलएम या डच विमान कंपनीचं डीसी-२, 'उइव्हर' नावाचं प्रवासी विमान, टपाल आणि तीन प्रवासी घेऊन. ऑस्ट्रेलियातल्या ऑलबरी गावाजवळ वादळात वाट चुकली तेव्हा गावाने शहरभरचे दिवे उघडझाप करून त्यांना खूण केली, लोकांनी गाड्या घोड्यांच्या रेसकोर्सवर नेऊन हेडलाइट लावले, त्या उजेडात विमान उतरलं, सकाळी चिखलात रुतलेलं ते गावकऱ्यांनीच ओढून बाहेर काढलं, आणि मेलबर्नला पोचून त्यांनी हँडिकॅपचं पहिलं बक्षीस घेतलं.