स्लीव्हनंतर पुन्हा सुटलेली खाखा

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतरही खाखा सुटू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत, हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर मधला बराच काळ मी तोंड लपवत काढला नसता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी इंदूरचा. लोकमान्य नगरात राहतो, सियागंजात एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. मधुमेह, गुडघे आणि झोपेत श्वास अडकणं ही तिन्ही दुखणी वाढत गेली तेव्हा डॉक्टरांनी बॅरिएट्रिक सर्जरी सुचवली. माझी स्लीव्ह झाली. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती लांबट नळी, सुरुवातीला तिच्यात 100 ते 150 मिली मावतं. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे जागेबरोबर भूकही घटते.

पहिलं वर्ष खरंच सोपं गेलं. आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग घरचं जेवण. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, घास बारीक चावायचा. सकाळी पोहे-जिलबीच्या टपरीवरून जाताना मन हलायचं नाही. साखर आटोक्यात आली, मी जिने चढू लागलो. घरात आनंदीआनंद होता. खाण्याची जुनी ओढ जठराच्या तुकड्याबरोबर गेली असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं.

ती परत आली सेवेच्या वाटेने. आमच्याकडे सेवेचा डबा कधी रिकामा नसतो. पोह्यांवर सेव, वरणावर सेव, काही नसेल तर नुसती सेव आणि वरून जीरावन हा आमचा इंदुरी मसाला. स्लीव्हनंतर पोळीचे चार घास गेले की छातीत दाटतं, वाटीभर उसळीनंतर हात आपोआप थांबतो. सेवेचं तसं नाही. ती तोंडात विरते, घशाखाली सरकते, आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत अर्धा डबा खाली गेलेला असतो. घर झोपलं की मी दिवा न लावता ओट्यापाशी उभा राहून मुठी भरायचो. सेव संपली की चहात बुडवलेली बिस्किटं, मग आइस्क्रीम. चव लागत नसे. थांबावंसं वाटे, थांबता येत नसे. मग घाम, धडधड, आणि सकाळपर्यंत पुरणारी शरम. इंदुरात कचरा घरीच ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकायचा असतो, त्यामुळे रिकामे पुडे बायकोच्या नजरेस पडतील म्हणून मी ते बॅगेत घालून दुकानावर न्यायचो.

एक दिवस बॅगेतच ते तिला सापडले. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुझ्या हातात असतं तर तू केव्हाच थांबला असतास. चल, डॉक्टरांना सांगू." त्या वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

ज्यांना पहिल्यांदा दाखवलं त्यांनी "मनावर ताबा ठेवा, नाहीतर एवढा खर्च वाया" असं सांगून परत पाठवलं. हा सल्ला कुठल्याही डॉक्टरने कुणालाही देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ताबा सुटणं हेच ज्या आजाराचं लक्षण, त्याला औषध म्हणून ताबाच कसा लिहून देता?

दुसऱ्या ठिकाणच्या आहारतज्ज्ञ बाईंनी वेगळा प्रश्न विचारला: "खायला सुरुवात केल्यावर मधेच थांबता येतं का?" मी नाही म्हणालो आणि मला रडू आलं. त्यांनी आधी शरीर तपासायला लावलं. लोह, बी12, ड जीवनसत्त्व, साखर, आणि नळी सैल झाली आहे का, आम्लपित्त वर येतंय का ते बघायला एन्डोस्कोपी. लोह कमी निघालं. गोड खाल्ल्यावर तास-दोन तासांनी मला हात थरथरून जी राक्षसी भूक लागायची, तिचाही उलगडा झाला. साखर पटकन आतड्यात उतरते, इन्सुलिन भसकन वाढतं आणि रक्तातली साखर खाली जाते. याला लेट डम्पिंग म्हणतात. जठराची बायपास केलेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. म्हणजे माझ्या रात्रीच्या खाण्यातला काही भाग त्या आधीच्या गोडानेच ओढून आणलेला होता.

मग त्यांनी मानसोपचाराकडे पाठवलं. माझ्या त्रासाचं नाव बिंज इटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खात राहणं. हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 2013 साली आला. व्याख्येत "खूप जास्त खाणं" असं आहे, पण लहान झालेल्या पोटात खूप जास्त मावणारच नाही, म्हणून ऑपरेशननंतर प्रमाणापेक्षा ताबा सुटतो का हे बघतात. आमच्या समुपदेशक मॅडमनी हे समजावलं तेव्हा मनावरचं मोठं ओझं उतरलं. पूर्वीच्या मानाने मी अगदी थोडं खातोय, मग हा आजार कसा, या विचारानेच माझं तोंड बंद ठेवलं होतं.

उपचार सीबीटी पद्धतीचा होता, म्हणजे बोलून, विचार आणि सवयी बदलत जाण्याचा. हातात एक वही. खाल्लं की लगेच लिहायचं: वेळ, काय, कुठे, सोबत कोण, त्याआधी काय घडलं. ताबा सुटला असेल तिथे फुली. कॅलरी नाही, वजन नाही. मला वाटलं होतं वहीत रात्रीच रात्री दिसतील. दिसल्या रिकाम्या दुपारी. रात्री खाल्लंय म्हणून सकाळी नुसता चहा, दुपारी डबा तसाच परत, संध्याकाळी वसुली करताना डोकं भणभणतंय, आणि नऊनंतर फुलीच फुली. उपाशी राहून रात्रीची भरपाई करायला बघत होतो आणि तीच भरपाई पुढच्या रात्रीची तयारी करत होती.

त्यामुळे पहिलं काम ठरलं ते वेळेवर खाण्याचं. तीन जेवणं, मधे दोन-तीन छोटी खाणी, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो. सकाळी मूग डाळीचं धिरडं, अकराला ताक, दीडला डबा, चार-साडेचारला पनीर नाहीतर उकडलेलं अंडं, रात्री लवकर जेवण. सेवेवर बंदी घातली नाही. ती वाटीत घेऊन, बसून, दिव्याच्या उजेडात, जेवणाबरोबर खायची. बंदी घातलेला पदार्थ डोक्यात घर करतो, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. वहीने पटवलं.

सगळ्यात अवघड निघाला संकष्टीचा उपास. चंद्रोदयापर्यंत काही नाही, मग साबुदाण्याची खिचडी, आणि त्या रात्री हमखास फुली. आमच्या घरात हा उपास आजोबांपासून चालत आलेला, त्यामुळे आईला सांगायची छाती होईना. शेवटी हिनेच विषय काढला. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आजारी माणसाला उपास नसतो. तुझा मी धरते, तू खजराण्याच्या गणपतीला जाऊन दूर्वा वाहा." आता चतुर्थीला मी वेळेवर जेवून खजराण्याला जातो.

सराफ्याचं काय, असं इंदूरचा कुणीही विचारेल. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि ती मिटली की रात्री उशिरापर्यंत खाण्याच्या गाड्या. मित्रांची भेट तिथेच ठरते. तिथे न जाणं म्हणजे माणसांतून उठणं. ठरलं असं: घरून जेवून जायचं, कुणासोबत जायचं, एकच पदार्थ निवडायचा, पार्सल घ्यायचं नाही. थंडीत मी गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, एक प्लेट हिच्याबरोबर वाटून घेतो. कधी भुट्ट्याचा कीस. आग्रहाचं उत्तर ही देते, "आमचं झालं," एवढंच. लग्नाच्या पंगतीतही हेच वाक्य चालतं.

ओढ आलीच तर ती कायम राहत नाही, चढते आणि उतरते, हेही शिकलो. त्या वेळात गॅलरीत जायचं, भावाला फोन करायचा, आंघोळ करायची. कधी जमतं, कधी नाही. रात्र घसरली तर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता ठरल्या वेळी घ्यायचाच, हा नियम मला आजही सगळ्यात जड जातो, आणि उपयोगही त्याचाच सगळ्यात जास्त होतो. माझं मन खूप खचलं होतं म्हणून मानसोपचार तज्ज्ञांनी काही काळ गोळ्याही दिल्या. त्यांना ऑपरेशनची माहिती आधी सांगावी: काही गोळ्यांचं शोषण बदलतं आणि काही गोळ्या भूक वाढवतात.

वजनाचं विचाराल तर, वाढलेल्यातलं काही उतरलं, काही राहिलं. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येणं बहुतेकांना होतं. फुल्या खूप कमी झाल्यात आणि साखर ताब्यात आहे, मला हे पुरेसं मोठं वाटतं.

दोन गोष्टी मात्र टाळू नका. सारखी उलटी होत असेल, किंवा जड वाटतं म्हणून मुद्दाम उलटी काढायची सवय लागली असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. बी1 जीवनसत्त्व संपून मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर नंतरही समुपदेशन मिळेल का, किती काळ, हे तारीख घेण्याआधी विचारा. माझी आधीची मानसिक तपासणी कागद पुरा करण्यापुरती झाली होती. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता दिवाळी येतेय. फराळाचं आईने आणि हिने ठरवून टाकलंय: मोठे डबे नाहीत, केलेलं निम्मं शेजारीपाजारी, आणि माझी चकली चारच्या खाण्याबरोबर, सगळ्यांसोबत टेबलावर. अनारशांबद्दल मॅडमना विचारायचं आहे, गोडाने अजून हात थरथरतात.