जुन्या हातांचा नवा बँड : रेकॉर्डिंगला बसण्याआधीच्या नोंदी

मागच्या नोंदीनंतर गाडी बरीच पुढे आली आहे. ठरवलेल्या आठ गाण्यांपैकी पाच आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता वाजतात. सहाव्याचा ब्रिज, म्हणजे अंतरा आणि कोरसपेक्षा वेगळा असा मधला तुकडा, अजून जागेवर बसत नाही. उरलेली दोन म्हणजे सध्या फोनमध्ये साठवलेले रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे वाद्यतुकडे) आणि शब्दांविना गुणगुणलेल्या चाली. तयार आहेत त्या पाच गाण्यांवर आधी रेकॉर्डिंगला उतरायचं, असं सगळ्यांचं ठरलं आहे. सगळं पूर्ण होईपर्यंत थांबलो तर ही पाच शिळी होतील.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही पाच जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. ड्रमर आणि लीड गिटारिस्ट अनेक वर्षं सेशन वाजवत, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला साथ करत, आले आहेत. कीबोर्डवाला ऑर्केस्ट्रातला. गायिका स्वतःच रिदम गिटारही वाजवते आणि याआधी तिचे दोन बँड येऊन गेले. बेस माझ्याकडे. लेबल नाही, मॅनेजर नाही, गाणी सगळी आमचीच.

पाचही जणांना उत्तम वाजवता येतं, आणि नेमकी तिथेच सगळी मेहनत लागते. प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी अख्खं गाणं एकट्याच्या खांद्यावर पेललं आहे. कुठे रिकामं दिसलं की हात आपोआप तिथे जातो. आमच्यासारख्या बँडमध्ये मोकळी जागा सगळ्यात दुर्मीळ असते. या टप्प्यातली आमची बहुतेक कामं ती जागा तयार करण्याचीच होती.

नावाजलेल्या वादकांचे बँड मी हल्ली याच कानाने ऐकतो. १९६६ मध्ये गिटारिस्ट एरिक क्लॅप्टन, बेसिस्ट जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर यांनी क्रीम हा रॉक बँड काढला तेव्हा तिघांचाही हात बसलेला होता. ब्रूस आणि बेकर तर त्याआधी ग्रॅहॅम बाँडच्या बँडमध्ये एकत्र वाजवून आणि भांडूनही झाले होते. तिघंच असल्यामुळे प्रत्येकाला हवं तेवढं पसरता आलं. १९६८ च्या अखेरीस मात्र बँड संपला. दुसऱ्या टोकाला देम क्रूकेड व्हल्चर्स हा बँड. त्यांचा अल्बम २००९ मध्ये आला तेव्हा बेसिस्ट जॉन पॉल जोन्स ६३ वर्षांचा होता आणि सोबतीला ड्रमवर डेव्ह ग्रोल आणि गिटारवर जॉश होमी होते. जोन्स लेड झेपेलिन या बँडच्या आधी लंडनमध्ये सेशन वादक आणि अरेंजर होता. तो अल्बम ऐकताना मला सतत जाणवतं, की कुठला स्वर कुणाच्या वाट्याला जावा याचा हिशेब करणारं डोकं तिथे बसलं आहे. पाच जणांच्या बँडला या हिशेबाशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला बेस आणि ड्रम यांच्या मेळावर. आमचा ड्रमर स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) किंचित मागे ठेवतो. लय ढळत नाही, पण ठोका क्लिकला (लय दाखवणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीला) अलगद टेकून नंतर पडतो. त्याच्या वाजवण्यातला सगळा डौल त्या मागे रेलण्यात आहे. माझा हात याच्या उलट. बरीच वर्षं वेगवान गाणी वाजवल्यामुळे मी ठोक्याच्या पुढच्या कडेवर असतो. दोघं वेगवेगळे ऐकले तर छान, एकत्र ऐकले की गाणं खेचल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या गाण्याची लय ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ मात्रा) आहे, म्हणजे एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. सरावाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं तर त्याचा स्नेअर क्लिकच्या पंधरा-वीस मिलिसेकंद मागे आणि माझा स्वर जवळपास तेवढाच पुढे. ऐकताना नुसतं 'काहीतरी बसत नाही' असं वाटत होतं. पडद्यावर ते स्पष्ट दिसलं.

यात खोलीचाही हात होता. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. माझा अँप ड्रमच्या समोरच्या भिंतीला होता, सुमारे पाच मीटरवर. ड्रमरला माझा प्रत्येक स्वर पंधरा मिलिसेकंद उशिरा ऐकू येत होता, आणि तो बिचारा त्यावर टेकायचा प्रयत्न करत होता. अँप उचलून हाय-हॅटच्या बाजूला, त्याच्या गुडघ्याशी आणला. मीही तिथेच उभा राहू लागलो, त्याच्या किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल दिसेल अशा जागी. पाय खाली जाताना दिसला की बोट सोडायचं. कानापेक्षा डोळ्याने लवकर जुळलं हे मला फार आवडलं. त्यानंतर आम्ही दोघंच, बाकी कुणालाही न बोलावता, तिसरं गाणं ७० वर वाजवत बसलो. संथ लयीत अंतर लपत नाही. आता ९६ वर येतो तेव्हा किक आणि बेस एकच वाद्य असल्यासारखे उतरतात, आणि स्नेअर आपल्या जागी मागे रेललेला राहतो. ठोक्याच्या पुढे मी आता फक्त पाचव्या गाण्यात जातो. तिथे ती घाई हवीच आहे.

दुसरा गुंता मधल्या पट्ट्यात होता. दोन गिटारी आणि ऑर्गन. लीड गिटारिस्टला मोकळ्या तारांचे भरघोस कॉर्ड आवडतात, गायिकाही तेच धरते, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात सवयीने बेस वाजवतो, कारण ऑर्केस्ट्रात कित्येकदा बेसिस्टच नसायचा. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला, बेसची ४१ ला. या दोन्हींच्या मधोमध त्याचा डावा हात. परिणाम असा की कोरस आला की सगळंच घोंगावायचं आणि शब्द बुडायचे.

ईक्यू (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारी बटणं) फिरवून हे सुटलं नसतं, म्हणून आम्ही स्वरच वाटून घेतले. गायिका खालच्या दोन-तीन तारांवर पॉवर कॉर्ड (दोनच स्वरांचे साधे कॉर्ड) धरते, हाताच्या कडेने तारा दाबून. लीड गिटारिस्ट वरच्या तीन तारांवर, सातव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) आसपास, तीन-तीन स्वरांचे छोटे कॉर्ड वाजवतो. ऑर्गनचा डावा हात पूर्ण बंद, उजवा हात कोरसमध्ये लांब स्वर धरतो आणि अंतऱ्यात गप्प बसतो. चाळीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला डावा हात मांडीवर ठेवायला सांगणं सोपं नव्हतं. त्याने मात्र ते मनावर घेतलं. पहिल्या काही सरावांत तो खरोखर डावा हात स्टुलाच्या कडेला धरून बसायचा. आता त्याच हाताने तो ऑर्गनचे ड्रॉबार (आवाजाचा रंग बदलणाऱ्या सरकत्या दांड्या) ओढतो, कोरसच्या दुसऱ्या फेरीत आवाज हळूहळू उघडत नेतो, आणि ते वळण अख्ख्या गाण्यातली माझी सगळ्यात आवडती जागा झाली आहे.

आता पट्टी. गायिकेच्या आवाजात वयाबरोबर खालच्या सप्तकात सुंदर गडदपणा आला आहे. वरचे स्वर अजूनही लागतात, पण ओळीने तीन गाणी झाली की घसा ताणलेला ऐकू येतो. तेव्हा अख्खा बँड अर्धा सूर खाली उतरवला, म्हणजे पांढरी तीनची गाणी काळी दोनमध्ये. यात कमीपणा काहीच नाही. गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स तरुणपणीच अर्धा सूर खाली वाजवत होता, आणि कितीतरी जुने बँड मंचावर हेच करतात.

तारवाद्यांवर याचा परिणाम लगेच कळतो. तेवढ्याच लांबीच्या आणि जाडीच्या तारेचा ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्धा सूर उतरवला की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. गिटारवाल्यांच्या बोटांना तो आरामच आहे. लीड गिटारिस्टने तारांचा १०-४६ चा सेट (आकडे म्हणजे जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तसाच ठेवला आणि त्याचे बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेले स्वर, आता जास्त मोकळे येतात. बेसची जाड तार मात्र मला ढिली लागू लागली. जोरात छेडली की पडद्यांवर खडखडायची. ४५-१०५ काढून ५०-११० चा सेट चढवला, मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी सळई) आणि बेसच्या ब्रिजवरचं, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचं, इन्टोनेशन (प्रत्येक पडद्यावरच्या स्वराचा नेमकेपणा) पुन्हा लावून घेतलं. ज्यांना ट्यूनिंग कायमचं उतरवायचं आहे त्यांनी हे दोन्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेशी जुळत नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये तो हमखास खुपतो.

कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं (पट्टी आपोआप बदलणारं) बटण वापरायला नकार दिला. काळी दोनमध्ये हात वेगळा पडतो आणि त्यातून वेगळी वाक्यं सुचतात, असं त्याचं म्हणणं. चौथ्या गाण्यातलं त्याचं नवं वाक्य ऐकल्यावर मी त्याच्या बाजूने आहे.

कानांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण आमच्यापैकी दोघांच्या कानांत कायमची शीळ वाजते. हे नुकसान भरून येत नाही. व्यावसायिक सुरक्षिततेचा एक मान्य दंडक असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास ठीक, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. सरावाच्या खोलीत शंभरी सहज ओलांडली जाते. मोठा अँप विकून छोटा घ्या, हा सल्ला आम्हालाही मिळाला. पण १०० वॉटवरून ५० वर आलात तर फरक अवघा तीन डेसिबलचा, कानाला तो फारसा जाणवतही नाही. आम्ही वेगळं केलं. दोन्ही गिटार अँप जमिनीवरून उचलून, मागे कलते करून, वाजवणाऱ्याच्याच कानाकडे रोखले. पूर्वी आवाज गुडघ्यांवर आदळायचा आणि ऐकू येत नाही म्हणून बटण फिरायचं. आता दोघंही आपणहून हळू वाजवतात. त्यांच्यामागून ड्रमरही उतरला. शिवाय सगळ्यांनी संगीतकारांसाठीचे इअरप्लग घेतले. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं गादीखालून आल्यासारखं ऐकू येतं. हे प्लग सगळ्या वारंवारिता जवळपास सारख्याच उतरवतात, त्यामुळे झांजेची झळाळी शिल्लक राहते. तरुण मित्रांनो, हे आजच घ्या.

रेकॉर्डिंगची पद्धत ठरली. ड्रम, बेस आणि एक गिटार एकत्र, एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत. गायन आणि ऑर्गन नंतर. ड्रमला चारच माइक, ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या पद्धतीने: एक किकला, एक स्नेअरला, एक डोक्यावरून आणि एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या ड्रमच्या) बाजूने. हे शेवटचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी समान अंतरावर हवेत, नाहीतर स्नेअरचा आवाज दोघांकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि पोकळ होतो. ड्रमरने त्यासाठी सुतळी आणली. एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबायचं, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारायची, मग तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत न्यायची. दोन्ही माइक जुळल्यावर त्याने एकच स्नेअर मारला आणि हेडफोनमध्ये तो बरोबर मधोमध, भरीव आला. या पद्धतीत आवाज नंतर फार बदलता येत नाही. ड्रमरला स्वतःचा तोल स्वतः सांभाळावा लागतो, झांज जोरात मारली तर ती जोरातच राहते. ज्याचा हात इतका बसला आहे त्याला ही पद्धत शोभते.

क्लिक पाचपैकी तीन गाण्यांना ठेवणार आहोत. उरलेली दोन कोरसमध्ये किंचित पुढे सरकतात, ती तशीच राहू देत.

मास्टरिंगबद्दल (तयार रेकॉर्डिंगवर फिरवायच्या शेवटच्या हाताबद्दल) एवढंच, की आवाज दाबून सपाट करायचा नाही. स्पॉटिफाय तसंही, सेटिंग बदललं नसेल तर, सगळं मिनस १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतं. जास्त दाबलेलं गाणं तिथे नुसतंच खाली ओढलं जातं आणि हाती उरतो तो दाबलेला ड्रम.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असलं तरी आधीच उरकलं. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, दोन्हींत पाच समान वाटे, सह्यांसकट. रिफ कुणी आणला, शब्द कुणी लिहिले, हा वाद गाणं चाललं तरच उठतो, आणि तोवर प्रत्येकाची आठवण वेगळी झालेली असते. डाव्या हाताने काहीही न वाजवून कीबोर्डवाल्याने कोरस वाचवला. याचं मोल कुठल्या टक्केवारीत बसवणार? आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगची १२ अक्षरी ओळख, गाण्यागणिक वेगळी लागते, तीही घेऊन ठेवायची आहे.

राहता राहिला सहाव्या गाण्याचा ब्रिज. चार जणांच्या चार सूचना येऊन गेल्या: लय निम्मी करणं, पट्टी बदलणं, लीडचा तुकडा टाकणं, आणि तो सरळ काढूनच टाकणं. गायिकेला तो काढायचा नाही, कारण गाण्यातलं मुख्य वाक्य तिथेच येतं, आणि ते मलाही पटतं. पुढच्या सरावात आम्ही तिथे बेस आणि दोन्ही गिटारी पहिले आठ बार (तालाची आवर्तनं) बंद ठेवून बघणार आहोत. फक्त ड्रम, ऑर्गनचा एक लांब स्वर आणि तिचा आवाज. मी नवव्या बारला परत येईन, आणि तेही वरच्या सप्तकात. जमलं तर सहावं गाणंही याच फेरीत रेकॉर्ड करू.