मधल्या सुट्टीतला डबा

गुरुवार, रात्री साडेदहा

मधल्या सुट्टीत कोण कोणाजवळ डबा उघडून बसते हे पाहिले की वर्गात काय चालले आहे ते बहुतेक कळते, असे मला बावीस वर्षे शिकवल्यानंतर वाटते. आठवीच्या माझ्या वर्गातल्या त्या पाचजणी जूनपासून एकमेकींच्या डब्यातले खाल्ल्याशिवाय उठत नसत. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौघी एकत्र दिसू लागल्या आणि पाचवी खिडकीजवळच्या बाकावर, वर्गाकडे पाठ करून, एकटीच जेवू लागली.

माझ्या ते लक्षात आले, पण मी केले ते चूक होते. भर वर्गात चौघींना उभे करून ‘हिला तुमच्यात घ्या’ असे मी बजावले. त्यांनी घेतले. दोन दिवस ती त्यांच्यात बसली. कोणी तिच्या डब्याला हात लावला नाही, कोणी आपला डबा तिच्याकडे सरकवला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला तिचे पोट दुखू लागले. आईला वाटले, पित्त असेल.

ते दुखणे खोटे नव्हते, असे मला ठामपणे वाटते. २००३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी काही तरुणांना संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळायला दिला होता आणि थोड्या वेळाने इतर दोन खेळाडूंनी त्यांच्याकडे चेंडू टाकणेच बंद केले. तेव्हा त्या तरुणांच्या मेंदूतला जो भाग अधिक सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या वेळीही सक्रिय होतो. अनोळखी खेळाडूंनी चेंडू दिला नाही तर एवढे होते. इथे तर ज्यांच्याशी रोजची भाजी वाटून घेतली, त्या मैत्रिणी होत्या.

आज ती माझ्याशी बोलली. चौघींनी तिला वगळून व्हॉट्सअॅपवर नवा ग्रुप केला होता, आणि सकाळी प्रार्थनेच्या रांगेत त्या कशावर हसतात हे तिला कळेनासे झाले, तेव्हा तिला त्याचा सुगावा लागला. “बाई, भांडल्या असत्या तरी चाललं असतं. माझं काय चुकलं, ते तरी कळलं असतं,” असे ती म्हणाली. ‘मैत्रिणी काय, दुसऱ्या मिळतील’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. तेराव्या-चौदाव्या वर्षी आपण कोण आहोत हे मूल आईवडिलांपेक्षा बरोबरीच्यांच्या नजरेत शोधत असते. अशा वेळी ती नजरच फिरली तर नुसती मैत्रीण जात नाही, स्वतःविषयीची खात्रीही डळमळते. मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश चौदाव्या वर्षापर्यंत आणि निम्मे अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून हे वय सरेपर्यंत वाट पाहणे मला पटत नाही. तिच्या आईला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी लिहून दिला आहे.

दुसऱ्या तुकडीतली एक अबोल मुलगी आणि ती, अशा दोघींना ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवायचे काम मी सोमवारी दिले होते, का दिले ते मात्र सांगितले नव्हते. आज निघताना तिने विचारले, “बाई, उद्या आम्ही दोघींनी डबा तिथंच खाल्ला तर चालेल?” ग्रंथालयात खायला परवानगी नाही. उद्या शाळा भरण्याआधी मुख्याध्यापकांना भेटायचे आहे.